गहिनीनाथांचं खाकरणं

गहिनीनाथ बोलत नाहीत, अशी साळूबाईंची तक्रार नव्हतीच. न बोलणं हा त्या माणसाचा जन्माचा धंदा. त्यात आता नवं काय? तक्रार निराळी होती. गहिनीनाथ खाकरत नाहीत, ही.

ज्यांच्या दाराला घंटी असते त्यांना यातलं दुःख कळायचं नाही, म्हणून आधी सांगून टाकलेलं बरं. म्हसेदऱ्याच्या माळवस्तीवर जाणता पुरुष घरात शिरताना उंबऱ्याच्या अलीकडं थांबून खाकरतो. खोकला निराळा आणि हे निराळं. खोकला येतो, खाकरणं हे करायचं असतं. बाहेर कुणी खाकरलं की आतली बाई डोईवर पदर घेते, पसारा आवरते आणि चुलीवर आधण ठेवते. गहिनीनाथांनी पन्नास वर्षांचा संसार या एका आवाजावर केला होता. एकदा खाकरले की चहा. दोनदा खाकरले की बरोबर पाव्हणा आहे, दोन कप. गोठ्याकडून लांबून खाकरले की म्हैस पान्हावली, चरवी आणा. बायकोचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नाही, ‘अगं’ म्हणून हाकही मारली नाही. साळूबाईंनी तरी त्यांचं नाव कुठं घेतलं होतं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायका दार अडवून उभ्या राहिल्या म्हणून.

माघ महिन्यात गहिनीनाथांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका सकाळीच गेली. नगरच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून ते घरी आले. पाय काठीपुरता परत आला, जीभ आली नाही. डोळे मात्र सगळं समजत होते, आणि हेच जास्त वाईट होतं. डोक्याला टोपी दुसऱ्या कुणी घातली की ती ते डाव्या हातानं काढून मांडीवर ठेवत आणि दिवसभर तशीच धरून बसत.

“रुसल्यात,” साळूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “मी म्हनते बोलू नका. पन्नास वर्सं कोन बोललंय? पन खाकरायला काय धाड भरली?”

येणारा-जाणारा मान हलवायचा आणि आपल्या मावसभावाला काय झालं होतं, कुठल्या गावच्या झाडपाल्यानं तो कसा उठून बसला, ते सांगायचा. माणूस आजारी पडला की उभ्या पंचक्रोशीत एकच धंदा चालतो, आणि तो शेतीपेक्षा बरा चालतो.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपासायला नेलं तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी झाडपाला सांगितला नाही, बाई सांगितली. पंकजा मॅडम म्हणून होत्या, ज्यांचं बोलणं गेलं त्यांना बोलायला शिकवणाऱ्या. आठवड्यातून दोनदा शिकवणी हवी होती. वस्तीवरून फाटा तीन किलोमीटर, फाट्यावरून एसटी, एसटीतून नगर, तिथून रिक्षा. एवढं करून गहिनीनाथ पोचले असते ते बोलायला नाही, परत भरती व्हायला. म्हणून मॅडम म्हणाल्या, व्हिडिओवर घेऊ. आणि जाता जाता एक वाक्य बोलल्या, ते साळूबाईंच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं. मॅडम म्हणाल्या, “आजी, जे परत यायचं त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत येतं. उशीर करू नका.”

साळूबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, पण महिने मोजायला त्यांना पंचांग लागत नसे. म्हैस कधी गाभण राहिली आणि कधी विणार ते त्या बोटांवर सांगत. त्यांनी बोटं मोजली. तीन महिने गेले होते. तीन उरले होते.

त्याच दिवशी त्यांनी सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाला, भागवतला, बोलावून घेतलं आणि हुकूम सोडला, “घरात इंटरनेट आन.” जसं काही ते दळण होतं.

माळवस्ती आणि सुपा यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड आहे. रात्री सोंडेच्या मागं कारखान्यांचा उजेड आभाळात दिसतो. उजेड सोंड ओलांडून येतो, रेंज येत नाही. विहिरीच्या काठावर उभं राहिलं तर फोनमध्ये एक कांडी मिळते, आणि तिच्यावर ‘हॅलो, ऐकू येतंय का’ एवढं बोलणं होतं. व्हिडिओ लावला तर माणूस देवळातल्या मूर्तीसारखा गार पडतो.

भागवतनं चार कंपन्यांची चार कार्डं आणली. साळूबाईंनी हातात फोन धरून घराच्या चारी कोपऱ्यांत, गोठ्यात, कणगीवर आणि शेवटी न्हाणीत उभं राहून पाहिलं. एक कंपनी गोठ्यात म्हशीच्या डोक्याजवळ बरी लागायची, पण म्हैस हलली की जायची. दुसरी पहाटे लागायची, तेव्हा मॅडम झोपलेल्या असत. तिसरी मेसेज पाठवून सांगायची की तुमच्या भागात आमची सेवा उत्तम आहे. चौथीचं तर काही लागलंच नाही, पण तिची पोरगी फोन करून रोज विचारायची, तुम्ही आमच्या सेवेवर समाधानी आहात का.

“हिला कसं लागतं मग?” साळूबाईंनी विचारलं.

मग कुणीतरी सुचवलं की सोंडेवर भरपूर रेंज आहे, म्हाताऱ्याला वर न्या. सुचवणारा नंतर सापडला नाही. गुरुवारी भागवतची सुट्टी. मॅडमनीही गुरुवार मान्य केला. गावातून ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची बांधली, खुर्चीला गहिनीनाथांना बांधलं आणि वरात निघाली. वाटेत जो भेटला तो बरोबर आला. रोजगार हमीच्या बायका घमेली टाकून आल्या. मेंढ्या घेऊन एक धनगर आला. मेंढ्याही आल्या.

वर रेंज होती, खोटं कशाला बोला. मॅडम लखलखीत दिसल्या. वारा एवढा की साळूबाईंच्या हातातला फोन हलायचा आणि मॅडमना कधी आभाळ दिसायचं तर कधी ट्रॅक्टरचं चाक.

“आजोबा, माझ्याकडं बघा. तोंड उघडा. म्हणा, आ.”

“आ,” अख्खी ट्रॉली म्हणाली. रोजगार हमीच्या बायका म्हणाल्या, ट्रॅक्टरवाला म्हणाला, धनगर तर असा म्हणाला की मेंढ्या वळल्या.

“छान, छान!” मॅडम म्हणाल्या. “आवाज मोकळा आलाय.”

“त्यांचा न्हाई हो तो,” साळूबाई म्हणाल्या. “गावाचा हाय.”

लोक हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माणसं हसतात. पण साळूबाईंचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. खुर्चीला बांधलेल्या गहिनीनाथांनी मांडीवरची टोपी डाव्या हातानं उचलली आणि तोंडासमोर धरली. हा माणूस पंचवीस वर्षं गावच्या सोसायटीत पंच होता. तंटा मिटवायला बसले की दोन्ही बाजू थकेपर्यंत गप्प राहायचे आणि मग एकदा खाकरायचे, की निकाल.

साळूबाईंनी ट्रॅक्टर फिरवायला लावला. वाटेत त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ही बातमी होती. घरी आल्यावर भागवतला एवढंच म्हणाल्या, “मानूस रेंजकडं न्यायचा न्हाई. रेंज मानसाकडं आन.”

उरले दोन महिने आणि वीस दिवस.

ग्रामपंचायतीत सरकारी तार आलेली आहे, ही बातमी गोरक्षनाथनं दिली. गोरक्षनाथ म्हणजे ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटरवाला, दाखले काढून देणारा. तार जमिनीखालून आली होती, आत काच होती आणि काचेतून उजेड पळत होता, असं तो म्हणाला. साळूबाईंनी विश्वास ठेवला, कारण त्यांना घाई होती. तारेची पेटी कपाटात, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं, ग्रामसेवकाकडं तीन गावं आणि आपल्या गावाच्या वाट्याला मंगळवार. पहिल्या मंगळवारी साहेब तालुक्याला मीटिंगला गेले. दुसऱ्या मंगळवारी साहेब आले, किल्ली घरी राहिली. तिसऱ्या मंगळवारी कपाट उघडलं, तेव्हा पेटी होती पण तिची बॅटरी नव्हती. ती सप्त्यात लाउडस्पीकरला लावली होती आणि देवाचं काम म्हणून कुणी परत मागितली नव्हती.

बॅटरी परत आली. अर्ज भरला. घर गहिनीनाथांच्या नावावर, म्हणून अर्जही त्यांच्याच नावानं. गोरक्षनाथ फोन घेऊन वस्तीवर आला, उंबरा ओलांडून थेट आत गेला आणि गहिनीनाथांच्या तोंडासमोर फोन धरला. आधारवरचा फोटो आणि आत्ताचा चेहरा मशीन जुळवून बघतं म्हणे. मशीननं गोल फिरवलं, लाल केलं, परत फिरवलं.

“चेहरा जुळत न्हाई म्हनतंय, काकू.”

आधारवर गहिनीनाथांचा चेहरा सरळ होता. आता उजवी बाजू खाली ओघळली होती, लाळ पुसायला खांद्यावर फडकं होतं.

“जुळत न्हाई ते मलाबी दिसतंय,” साळूबाई म्हणाल्या. “त्याला मशीन कशाला पायजे?”

गोरक्षनाथ खजील झाला. भला माणूस होता. त्यानं दुसरी वाट काढली. चेहरा जुळला नाही तर कंपनीची माणसं फोन करून खात्री करतात. मालकानं फोनवर फक्त ‘हो’ म्हणायचं, की झालं.

“मालकानं?”

“व्हय. त्याचा आवाज रेकॉर्ड होतो.”

गोरक्षनाथच्या हे बोलता बोलताच ध्यानात आलं आणि त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “भागवतदादानं म्हनलं ‘हो’ तरी कुनाला कळनार हाय, काकू?”

“बाप जिता हाय त्याचा,” साळूबाई म्हणाल्या. “जित्या बापाच्या नावानं पोरगं बोलनार न्हाई. ज्याचं त्यो म्हनंल.”

शहाण्या माणसानं इथं भागवतला ‘हो’ म्हणायला लावलं असतं आणि तार घेतली असती. पण साळूबाईंचं शहाणपण आणि त्यांचा ताठा हे एकाच पोटचे होते, आणि ताठा थोरला होता.

ठरलेल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला धरून धरून विहिरीपर्यंत नेलं, जिथं ती एक कांडी मिळते. काठावरच्या दगडावर बसवलं. फोन वाजला. साळूबाईंनी तो त्यांच्या कानाला लावला.

“नमस्कार सर. आपण गहिनीनाथ बोलत आहात का? नवीन जोडणीसाठी आपली संमती असेल तर कृपया ‘हो’ म्हणा.”

गहिनीनाथांनी ‘हो’ म्हणायला सुरुवात केली. सुरुवात केली असंच म्हणावं लागेल. मानेची शीर फुगली, कपाळाला घाम आला, तोंड उघडलं, डावा हात गुडघ्यावर आवळला गेला. आतून श्वास आला, नुसता वारा.

“सर, आपला आवाज येत नाहीये.”

साळूबाईंनी फोन ओढून घेतला. “आवाज येत न्हाई तेच सांगतीय बाई, पाचवा म्हयना लागला.”

“मॅडम, ग्राहकानं स्वतः ‘हो’ म्हणणं आवश्यक आहे.”

“त्यांना व्हय म्हनता यावं म्हनून तर तार पायजे.”

“मॅडम, ‘हो’ म्हटल्याशिवाय तार देता येत नाही.”

“आन तार आल्याबगर त्यांना व्हय म्हनता येत न्हाई. आता तूच सांग, आदी काय?”

त्या पोरीच्या कागदावर याचं उत्तर लिहिलेलं नसावं. मग ती म्हणाली, “सर, पुन्हा एकदा प्रयत्न करा, क्लियर आवाजात,” आणि गहिनीनाथांनी खरंच पुन्हा केला. पुन्हा शीर फुगली. तेवढ्यात कांडी गेली आणि फोन बंद पडला. ते मात्र थांबले नाहीत. बंद फोनला ‘हो’ म्हणत राहिले, न निघणारं. साळूबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

“बास,” त्या म्हणाल्या. “एवढा स्वस्त न्हाई तुमचा व्हय.”

अर्ज आपल्या नावावर करता येईल का, हे विचारायला त्या स्वतः ग्रामपंचायतीत गेल्या. ग्रामसेवक साहेबांनी चष्मा पुसून समजावलं. अर्ज बाईंच्या नावानं करायचा तर घराच्या उताऱ्यावर बाईंचं नाव हवं. ते लावायला मालकाची सही हवी, आणि सही पूर्वीसारखी हवी. ज्या हातानं पूर्वी सही व्हायची तो हात आता गळ्यात बांधलेला होता. साहेब बिचारे मनापासून म्हणाले, “याच्यापेक्षा, बरं का आजी, मृत्यूचा दाखला असता तर दोन दिवसांत वारसनोंद झाली असती.”

साळूबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. मग वळून म्हणाल्या, “साहेब, तुमच्या मंगळवारच्या मानानं दोन दिवस म्हंजे लईच घाई झाली,” आणि निघून आल्या. एवढं बोलल्या खऱ्या, पण फाट्यावरच्या ग्रामपंचायतीपासून वस्तीपर्यंतची वाट त्या दिवशी तीन किलोमीटरांत संपली नाही.

उरला एक महिना आणि वर काही दिवस.

गावातल्या कुणाच्या तरी जावयाचं म्हणणं पडलं की आता इंटरनेट थेट आभाळातून येतं, उपग्रहावरून, त्याला सोंड नाही की सरकार नाही. साळूबाई म्हणाल्या, आभाळातून आमच्याकडं आजवर एकच गोष्ट थेट आलीय, गारपीट. ती वाट तिथंच संपली. शेवटी सुप्याचा कल्याण आला. हा इंटरनेटची डिश लावून देणारा, त्याला ना आधार लागत होतं ना मालकाचं ‘हो’, नुसते रोख पैसे. त्याच्या मालकाचा टॉवर पलीकडच्या टेकडीवर होता. डिशला टॉवर नजरेला दिसला पाहिजे, मध्ये झाडाचं पान आलं तरी चालत नाही. कल्याण पत्र्यावर चढला, गोठ्यावर चढला, लिंबावर चढला, आणि उतरून म्हणाला, “मावशी, तुमच्या घरावरनं न्हाई दिसत. शेजारच्या दोन मजली गच्चीवरनं लख्ख दिसतंय. तिथं खांब लावू, तिथनं तुमच्याकडं वायर टाकू.”

शेजारची दोन मजली गच्ची काकासाहेबाची होती. काकासाहेब म्हणजे गहिनीनाथांचा चुलतभाऊ, आणि साळूबाई त्याच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. बांधावरून नाही. बांधाची भांडणं मिटतात. अकरा वर्षांपूर्वी एका जागरणाच्या पंगतीत काकासाहेब हसत हसत म्हणाला होता, “आमचा गहिनी बोलंल कसा? वहिनीनं बोलायला जागा कुटं ठिवलीय?” पंगत हसली होती. साळूबाईंनी ताटावरून उठून हात धुतला होता, आणि त्या बाजूच्या दाराला कडी घातली होती.

हे बोलणं गेले पाच महिने त्यांना रोज आठवत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. पहाटे दळताना, भाकरी थापताना मनात यायचं, खरंच जागा ठेवली नसेल का? बोलायला गेले असतील ते आणि आपण मध्येच बोलून टाकलं असेल? आता तर जागाच जागा होती. सगळं घर रिकामं पडलं होतं.

दोन दिवस त्यांनी जेवणात लक्ष घातलं नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन त्या काकासाहेबाच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तो ओसरीवर कांदे निवडत होता.

“या वहिनी,” तो उठला. “अकरा वर्सं झाली.”

“मोजत बसला हुता काय, भावजी?”

“न्हाई. तुमी मोजत असाल म्हनून सांगितलं.”

साळूबाईंनी वाक्य पाठ करून आणलं होतं, पण ते तोंडातून निघेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की शब्द आत असतो आणि तरी बाहेर येत नाही. काकासाहेब कांद्यांकडं बघत म्हणाला, “कल्यान भेटला मला. खांब लावा. गच्ची काय डोक्यावर घेऊन जायचीय?” थोड्या वेळानं त्यानंच पुढं जोडलं, “गहिनी पाटं गोठ्यात खाकरला की मी उटायचो. आता मोबाईलवर गजर लावतो. तरी येळ होतो.”

साळूबाई मानेनंच बरं म्हणाल्या.

खांब उभा राहिला. पहिल्या आठवड्यात त्याच्यावर वानरं झोके घेत होती आणि डिशचं तोंड टॉवरऐवजी मारुतीच्या देवळाकडं व्हायचं. मग काकासाहेब गच्चीवर चढून ते सरळ करायचा आणि ओरडायचा, “आलं का?”

“गेलं!” साळूबाई अंगणातून.

“आता?”

“आलं, आलं, सोडू नका. गेलं.”

अकरा वर्षांनी दीर-भावजयीचं बोलणं सुरू झालं ते एवढंच होतं, पण दिवसातून चारदा होऊ लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी काकासाहेब काठी घेऊन गच्चीवर वानरं राखत बसे.

आणि खाली पंकजा मॅडम घरात आल्या, लखलखीत, भिंतीला टेकवलेल्या फोनमध्ये. तिसऱ्या वर्गाला गहिनीनाथ ‘पा’ म्हणाले, पाण्याला. पाचव्या वर्गाला मॅडमनी म्हशीचं चित्र दाखवलं आणि ते स्वच्छ म्हणाले, “म्हस.” मॅडमनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईंनी गोठ्यात जाऊन म्हशीला पेंडीचा जादा तुकडा घातला आणि वर तिलाच म्हणाल्या, “तुझं बरं हाय.” सातव्या वर्गाला भागवतचा फोटो बघून ‘भाग’ एवढं आलं. त्या दिवशी भागवत कारखान्याच्या दारात उभा राहून रडला म्हणतात.

मग सहा महिने भरायला चार दिवस उरले असताना मॅडमनी साळूबाईंना नवऱ्याशेजारी बसवलं.

“आजोबा, या कोण?”

गहिनीनाथांनी बघितलं. इतक्या जवळून आणि इतका वेळ त्यांनी बायकोकडं कधी बघितलं नव्हतं. साळूबाईंना पदर कुठं ठेवावा कळेना.

“नाव सांगा. सा... साळू...”

ओठ हलले. घाम आला. विहिरीवर फुगली होती तीच शीर फुगली.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “असू दे आजोबा. आजी, मनाला लावून घेऊ नका. कधी कधी जवळच्याच माणसाचं नाव जातं.”

“गेलं न्हाई ते, मॅडम,” साळूबाई म्हणाल्या. “त्यांच्यापाशी कदी नव्हतंच. जे घेतलंच न्हाई ते जाईल कसं?”

“मग हाक कशी मारायचे?”

“खाकरायचे.”

फोनमध्ये मॅडमचं पेन वहीवरच थांबलं.

“मॅडम, अडाकला काय? भावजी, वानर आलंय का बगा!”

“नाही आजी, आहे मी,” मॅडम म्हणाल्या. “मग आजोबा, तेच करून बघू या. खाकरून दाखवा बरं.”

खरं तर साळूबाईंना हेच हवं होतं. सगळ्या तारा, खांब, मंगळवार एवढ्यासाठीच होते. त्यांनी श्वास धरला. गहिनीनाथांनी छाती भरली, मान ताठ केली, जशी उंबऱ्याशी करायचे तशी, आणि त्यांना ठसका लागला. साधा खोकला, पण थांबेना. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मॅडम ओरडून सांगत होत्या, पुढं वाकवा, पाणी देऊ नका. खोकला थांबला तेव्हा गहिनीनाथांनी मांडीवर चाचपून टोपी उचलली आणि तोंडासमोर धरली.

मॅडमनी नंतर सगळं नीट सांगितलं. ठरवून खाकरणं हेही बोलण्यासारखंच असतं, मेंदूनं हुकूम द्यावा लागतो. थोडे शब्द अजून येतील, पण पूर्वीचा माणूस येईल असं त्या खोटं सांगणार नाहीत. वर्ग सुरू ठेवू. साळूबाई व्हय, व्हय म्हणाल्या आणि फोन पालथा घातला. गच्चीवरून काकासाहेब विचारत होता, “आलं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून साळूबाई चरवी घेऊन घरात शिरायला गेल्या. आत गहिनीनाथ खाटेवर पाठमोरे बसले होते. उघडं डोकं, धोतर गुडघ्यावर आलेलं, हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती आणि डाव्या हाताला फडकं सापडत नव्हतं. साळूबाईंचा पाय उंबऱ्यावर थबकला. त्यांना दिसलं की सहा महिने या माणसाच्या घरात जो तो थेट शिरत होता. डॉक्टर, भागवत, गोरक्षनाथ, कल्याण, भिंतीवरच्या मॅडम, आणि सगळ्यांत जास्त वेळा त्या स्वतः. कधी भरवायला, कधी पुसायला, कधी कपडे बदलायला. आवरून बसायला कुणी त्यांना घडीभर सवड दिली नव्हती.

साळूबाईंनी पाय मागं घेतला. चरवी खाली ठेवली. इकडंतिकडं बघितलं, आणि उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहून खाकरल्या.

पहिल्यांदा कोंबडीसारखा आवाज निघाला. बाईच्या जातीला सवय कुठली? त्यांनी गळा साफ केला आणि पुन्हा, छातीतून, जाणत्यासारख्या खाकरल्या.

आत हालचाल झाली. डावा हात थांबला. मग फडकं सापडलं, हनुवटी पुसली गेली. धोतराचा काठ गुडघ्याखाली ओढला गेला. मग तोच हात मांडीवर गेला, टोपी उचलली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा गहिनीनाथांनी ती डोक्यावर ठेवली. अगदी कानावर आली होती. त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं.

साळूबाई आत गेल्या. चुलीवर आधण ठेवलं. एकाऐवजी दोन कपांचं. मग त्यांच्यासमोर येऊन, कमरेवर हात ठेवून, निकाल दिला.

“ऐका. पन्नास वर्सं तुमी खाकरला आन मी पदर घेतला. हितनं पुडं मी खाकरीन, तुमी टोपी घ्यायची. बोलनं आलं तर आलं, न्हाई तर म्हशीसंगं बोला. माझं नाव शोदत बसू नका. आन ही टोपी वाकडी बसलीय, पन तुमची तुमी घातलीय. आसू द्या.”